वाळुंज तोडायला मीच सांगितलं होतं

नांदुऱ्याच्या फलाटावर बा ओलं गोणपाट काखेत धरून उभा होता. महाराष्ट्र होऊन दोन-अडीच वर्षं झाली असतील. माझ्या हातात पत्र्याची पेटी, खिशात मॅट्रिकचा दाखला, आणि पायात जन्मात पहिल्यांदा घातलेले बूट. ते चावत होते. गाडीचा धूर दिसेपर्यंत बा रुळांकडे बघत होता. गाडी फलाटाला लागली तसं त्यानं ते गोणपाट माझ्या काखेत कोंबलं. आत नदीकाठच्या वाळुंजाच्या झाडाच्या काड्या होत्या, हातभर लांब, अंगठ्याएवढ्या जाड, चिखल लावून गुंडाळलेल्या. "जिथं राहशीन तिथं पान्याच्या कडीले लावजो," बा म्हणाला. "जमीन धरून ठेवते." माय पदर तोंडाला लावून, "पोचल्यावर कार्ड टाकजो, पोटभर खाजो," एवढंच परत परत म्हणत होती. आणि सुखदेव, तू खिडकीचा गज धरून गाडीबरोबर चालत होतास, फलाट संपेपर्यंत.

गोणपाट गळत होतं. डब्यात माझ्या समोर बसलेल्या एका बाईनं लुगडं आवरलं आणि विचारलं, "काय मासे-बिसे आणले का हो?" सगळे हसले. माझे कान तापले. भुसावळला गाडी बदलायची होती. मी पेटी उचलली, गोणपाट पायानं बाकाखाली सरकवलं आणि पुलावरून पलीकडच्या फलाटावर गेलो. मागं वळूनही पाहिलं नाही. पुण्याला पोचल्यावर जे कार्ड टाकलं त्यात लिहिलं, काड्या लावल्या, छान फुटल्या. हे खोटं आज पहिल्यांदा सांगतोय.

सांगतोय कारण तुझं पत्र आलंय. "तीर्थरूप दादास सुखदेवचा शिरसाष्टांग नमस्कार. मळईचा उरलेला तुकडा वीटभट्टीवाले मागून राह्यले. माती चांगली हाये म्हणतात. मायची तब्येत ठीक. मळईचं तू म्हणशील तसं करू."

तू म्हणशील तसं! हे वाचलं आणि डोक्यात तिडीक गेली. पत्र चुरगाळून टाकलं. मग परत उचलून, मांडीवर ठेवून सरळ केलं, परत वाचलं, परत राग आला. अरे, एकदा झालं तेवढं पुरलं नाही का तुला? म्हणून हे उत्तर लांबलचक लिहितोय. आपल्या गावातून जे जे पुण्याला, मुंबईला, नागपूरला गेले त्यांनाही हे वाचायला दे. ते घरी आले की त्यांच्यापुढेही कोणीतरी असंच हात बांधून उभं राहतं, आणि त्यांना ते आवडतं. मलाही आवडायचं. बारा वर्षांत हात पुण्याच्या भाषेला वळलाय, त्याला इलाज नाही. राग आला की आपलं तोंड आपोआप परत येतं, ते दिसेलच तुला.

त्यांच्या शहरात वाढलेल्या पोरांना आपली मळई ठाऊक नसेल, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. पूर्णेच्या काठच्या आमच्या भागात विहिरीचं पाणी खारं. त्यात डाळ शिजत नाही, मेथी उगवत नाही, पाहुणा पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतो. गोडं पाणी फक्त नदीच्या झिऱ्याचं, म्हणजे वाळूत खड्डा केला की पाझरून येतं ते. त्या झिऱ्याला लागून दोन एकर गाळाची जमीन आमच्या आज्यानं धरली होती. ती मळई. वरचं वावर होतं, पण त्यात ज्वारी-कपाशी आकाशाच्या भरवशावर. घर चालायचं ते मळईच्या वांग्यांवर, मिरचीवर, भाजीवर. नांदुऱ्याच्या बाजारात "माळ्याच्या मळईची वांगी" म्हणून बायका बाची टोपली शोधत यायच्या.

नदी मात्र काठ खाते. आमच्याकडची माती मऊ, दर भादव्यात कुणाची ना कुणाची हात-दोन हात जमीन पाण्यात धपकन् पडायची. आमची पडायची नाही, कारण काठाला वाळुंज होतं. दसरा झाला, पाणी निवळलं की सगळं घर मळईत. बा जुन्या झाडांच्या काड्या छाटायचा, खालच्या टोकाला तिरपा काप द्यायचा, म्हणजे खालची बाजू कुठली हे चुकायला नको. "उलटी लावली तं जगते, पन जिंदगीभर रुसून राहते," असं तो दर वर्षी सांगायचा, जसं काही आम्ही पहिल्यांदाच ऐकतोय. मग लाकडी मोगरीनं हातभर जमिनीत ठोकायची, वीतभर वर ठेवायची. माय मागून टाचेनं माती दाबत यायची. प्रत्येकाच्या काड्या ठरलेल्या. माझ्या एकोणीस, तुझ्या बारा. आपली काडी फुटली का ते बघायला आपण दोघं शाळेतून आधी मळईत जायचो, आणि तुझी आधी फुटली की मी तुला ढकलायचो.

देखणं नव्हतं हो ते झाड. खोटं कशाला बोलू? वाकडंतिकडं, फांद्या मोडलेल्या, पुरानं आणलेला पालापाचोळा अन् चिंध्या वर्षभर अंगावर लटकलेल्या. फळ नाही, जळण म्हणूनही धड नाही, नुसता धूर. शेजारचे लोक बाला हसायचे, की तेवढ्या जागेत आंबे लावले असते तर? बा म्हणायचा, "फळ नाई देत, पन वावर नेऊ देत नाई." मी मोठा झालो, शाळेत पुढं बसायला लागलो, तसं मलाही ते झाड बघून कसंतरी व्हायचं. आपल्या घराला ओळखायचं ते याच्यावरून, हे मला नको होतं.

पुण्यात मला काम मिळालं ते एका बंगल्याच्या बागेत. मॅट्रिक झालेला माळी म्हणून कौतुक. मालक वनस्पतिशास्त्राचे प्रोफेसर, निवृत्त झालेले, मनानं वाईट नव्हते. लॉनच्या खोलगट कोपऱ्यात, जिथं पाणी साचायचं तिथं, त्यांनी विलोचं झाड लावलं होतं. उत्तरेकडून कुणा मित्रानं कटिंग पाठवलं होतं म्हणे. फांद्या सगळ्या खाली लोंबणाऱ्या, बारीक पानांच्या, जमिनीला टेकणाऱ्या. ते माझ्याकडे आलं तेव्हा माझ्या कमरेएवढं होतं. प्रोफेसरांनी मला सगळं शिकवलं. एकच शेंडा ठेवायचा, बाकीचे काढायचे, बांबूला सैल बांधत न्यायचा. दोन माणसं उंच होईपर्यंत त्याला खाली वाकू द्यायचं नाही. त्यानंतर सोडायचं, मग हवं तेवढं लोंबू दे. खालची झालर एकसारखी कापायची, म्हणजे आत वेताच्या खुर्च्या मांडता येतात. भिंतीपासून, टाकीपासून, गटाराच्या पाइपापासून लांब, कारण मुळं पाणी शोधत जातात आणि भेग दिसली की आत शिरतात. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ चार-चार बादल्या. चार वर्षं मी त्या झाडाची जेवढी सेवा केली तेवढी मायची केली नाही.

पाहुणे आले की त्या झाडाखाली बसायचे. "अय्या, काय सुंदर!" "अगदी परदेशात आल्यासारखं वाटतं हो!" आणि मग बाईसाहेबांना माझी आठवण यायची. "रामदास, मघाशी काय म्हणालास ते परत म्हण ना यांच्यासमोर." मी म्हणायचो, "झाडाले पानी टाकून राह्यलो." सगळे खो-खो हसायचे. वाईट माणसं नव्हती, चहा द्यायची, दिवाळीला कपडे द्यायची. पण मी त्यांच्यासोबत हसायचो, सुखदेव! दात काढून हसायचो! आज त्या हसण्याची मला इतकी चीड येते की वाटतं, त्या दिवशीच्या माझ्याच एक थोबाडीत द्यावी.

एकदा प्रोफेसर म्हणाले, "अरे, तुमच्याकडे नदीकाठी वाळुंज असेल ना? हा विलो त्याचाच भाऊबंद. एकाच कुळातले दोघं." मी काय म्हणालो असेन? "नाही साहेब, आमच्याकडे असलं काही नसतं." त्यांना दाखवायला मुठेच्या काठी जायची गरज नव्हती, माझ्या हाताला अजून त्या मोगरीचे घट्टे होते. तरी नाही म्हणालो. आणि त्याच रात्री नाही, त्याच आठवड्यात नाही, पण ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. एकाच कुळातलं. म्हणजे मुळं तीच आणि रूप मात्र असं! अर्धी विद्या म्हणजे काय, ते मला आज कळतं. तेव्हा वाटलं, आपल्याला फार मोठी गोष्ट सापडली.

मग तुझं कार्ड आलं, की खामगावचे पाहुणे तुला मुलगी द्यायला तयार आहेत, संक्रांतीनंतर घर आणि वावर बघायला येणार. पाहुणे म्हणजे कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला असलेले, शहरातले. माझ्या डोळ्यांपुढं मळई आली, ती चिंध्या लटकलेली झाडं. तोपर्यंत मी बंगला सोडून एका नर्सरीत लागलो होतो. विलोच्या तीस काड्या वाळूत लावून मुळं फुटवलेल्या होत्या. त्या ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि नांदुऱ्याला जाणाऱ्या एका माणसाबरोबर पाठवल्या. बघ, तसंच ओलं गोणपाट, फक्त उलट्या दिशेनं. सोबत पत्र लिहिलं. ते तुझ्याकडे असेल तर फाडून टाक. मला पाठ आहे.

"काठचं वाळुंज काढून टाका. दिसायला वाईट, वांग्यांवर सावली करतं, साप राहतात. त्या जागी ही झाडं ओळीनं लावा. इथं मोठमोठ्या बंगल्यांत हीच असतात. एकाच कुळातलं झाड आहे, मुळं तीच, काठ धरेल. काळजी नसावी. लग्नानंतर पाहुणे येतील-जातील, मळई बागेसारखी दिसली पाहिजे." आणि खाली सही केली, पूर्ण नावाची, इंग्रजीत.

ते पत्र नेमकं पाहुणे बसलेले असताना पोचलं. तू उठून ते सगळ्यांसमोर वाचलंस. त्या वेळी तुला किती अभिमान वाटला असेल ते मला दिसतं, म्हणून तुला काही बोलवत नाही. मायनं मला नंतर सांगितलं, तुझे सासरे म्हणाले, "वा! थोरला मुलगा तं बराच जानकार दिसतो. साहेब लोकांत राह्यते ना!" आणि बानं पागोटं सारखं करून म्हटलं, "हाव. त्यानं सांगतलं तं तसंच करू."

तसंच केलंत तुम्ही! माघात कुऱ्हाड लावली. आज्यापासूनची ओळ चार दिवसांत आडवी केलीत, खोडं उकरून काढलीत, कारण मी "काढून टाका" लिहिलं होतं, "छाटा" नव्हतं लिहिलं. त्या जागी माझ्या तीस काड्या लावल्या. बाच्या हातून लागल्या म्हणून तिसाच्या तीस जगल्या, फाल्गुनात पानांवर आल्या. लग्नाला मी आलो तेव्हा तू मला हात धरून मळईत नेलंस. कमरेएवढी पोपटी झाडं, वाऱ्यावर हलणारी. लग्नाच्या बोलणीला परत आलेले पाहुणेही पाहून गेले होते. मी बाच्याकडे बघितलं, तो वांग्यांना पाणी देत होता. मी म्हटलं, "बा, कसं वाटते?" तो म्हणाला, "सुंदर हाये बाप्पा." मी छाती काढून परत आलो.

आपला वैशाख मी विसरलो होतो. पुण्याच्या लॉनवर चार बादल्यांत जगणारं झाड आपल्याकडच्या झळांत कसं टिकणार? तुझी बायको नवी नवरी, हातावरची मेंदी गेली नसेल, ती झिऱ्यातून घागरी भरून त्या झाडांना घालायची. दादांची झाडं म्हणून! वांगी तहानली तरी चालतील, दादांची झाडं जगली पाहिजेत. तरी अर्धी करपली. उरली त्यांना मुळं ती केवढी, एका उन्हाळ्याची? भादव्यात नदी आली. आली ती दर वर्षीसारखीच, काही जगावेगळा पूर नव्हता, हे मला गावातल्या तिघांनी वेगवेगळं सांगितलं. फक्त त्या वर्षी धरायला काठावर कोणी नव्हतं.

मला तुझं कार्ड आलं. "सर्व खुशाल. नदीनं थोडं वावर नेलं. झिरा बुजला. काळजी करू नये." थोडं! दिवाळीला आलो तर मळई अर्धीही उरली नव्हती. जिथं माझ्या एकोणीस काड्या असायच्या तिथं दरड सरळ खाली, आणि खाली गढूळ पाणी. माय घागर घेऊन नदीच्या पुढच्या वळणापर्यंत जात होती गोड्या पाण्याला, त्या वयात.

मी तुझ्यावर ओरडलो. आठवतं ना? सगळ्या काठावर ऐकू जाईल असा. "काऊन तोडलं बे? अक्कल गहाण ठेवली होती काय? जन्म गेला तुमचा नदीवर, तुमाले समजत नव्हतं?" तू मान खाली घालून म्हणालास, "दादा, तूच लेहलं होतं ना."  त्यावर मी आणखीच जोरात ओरडलो. तुझी बायको घरात जाऊन रडली. तिला वाटलं, तिनं पाणी कमी घातलं म्हणून झाडं गेली. तिची माफी मी अजून मागितली नाही. आज मागतो. तिला वाचून दाखव.

आणि बा? बा दारात बसून दोरी वळत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. मला वाटत होतं, आता म्हातारा उठेल, पायातली वाहाण काढेल. मला तेच हवं होतं. लहानपणी एक रोप तुडवलं म्हणून त्यानं मला बांधापर्यंत पळवलं होतं, आणि आता अर्धं वावर बुडवलं तर काहीच नाही? त्यानं दोरीचा पीळ बघितला आणि म्हणाला, "तुही झाडं लय चांगली होती रे. नदीच वंगाळ निघाली." मी पाय आपटत बाहेर गेलो. माझी चूक त्यानं माझ्यासमोर झाकली, आणि मला ती झाकलेली दिसत होती.

दोन वर्षांनी बा गेला. तेरवीला पाहुणे उठून गेल्यावर माय माझ्याजवळ येऊन बसली. तिनं सांगितलं ते तुला ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. त्या माघात, ओळीतलं पहिलं झाड तोडायच्या आधी, बानं उचललेली कुऱ्हाड परत खाली टेकवली. मायनं विचारलं, "काय झालं हो?" तो म्हणाला, "हे चुकते. नवी काडी यंदाचा पूर नाई धरत. मले मालूम हाये." माय म्हणाली, "मंग कायले तोडता?" तो म्हणाला, "पाव्हन्यायच्या समोर पोराचं पत्र वाचलं ना. आता मी नाई म्हनलं तं त्याचा शब्द खाली पडते. वावर काय, उद्या पुन्हा होईन."

त्याला माहीत होतं! सुखदेव, त्याला पहिल्या घावाच्या आधी माहीत होतं. आज्याची जमीन एका बाजूला आणि मॅट्रिक झालेल्या गाढवाचा शब्द दुसऱ्या बाजूला, आणि त्यानं माझा शब्द उचलला. लोक म्हणतील, केवढं प्रेम! मला नको होतं रे असलं प्रेम. मला संताप येतो त्या प्रेमाचा. त्यानं दोन ओळींचं कार्ड टाकायचं होतं, "रामा, येडा झाला काय? वाळुंज राहीन." मी चार दिवस फुगून बसलो असतो, लग्नात तोंड वाकडं करून जेवलो असतो, आणि आज मळई जागेवर असती. मी त्याला भुसावळच्या काड्यांचं सांगितलं असतं, त्यानं मला दोन शिव्या दिल्या असत्या, हिशेब मिटला असता. आता कोणाशी भांडू? त्याच्याशी भांडायचं राहून गेलं, आणि मेलेल्या माणसावर ओरडता येत नाही म्हणून हा राग मी कुठंही काढत फिरतो. गिऱ्हाइकांवर काढतो, बायकोवर काढतो.

तेरवीहून परतताना मी पलीकडच्या काठावर गेलो. तिथं कुणाच्यातरी पडीक जागेत वाळुंज होतं, आपल्याच ओळीतून कधीतरी नेलेलं. एकोणीस काड्या कापल्या, तिरपा काप दिला, गोणपाट भिजवलं आणि मांडीवर घेऊन बसलो, भुसावळ, मनमाड, दौंड. पँट भिजली. डब्यातल्या एकानं विचारलं, "काय हो हे?" मी म्हटलं, "वाळुंज हाये. माह्या बापाचं. पानी गळते. तुमाले त्रास होत असंन तं तिकडं सरका." तो सरकला.

आता माझी स्वतःची छोटी नर्सरी आहे, कॅनॉलच्या बाजूला, ते तुला माहीतच आहे. विलो मी विकतो. खोटं का बोलू, तोच जास्त खपतो. नवे प्लॉट पडतायत, नवे बंगले होतायत, सगळ्यांना घरासमोर लोंबतं झाड पाहिजे. मी सगळं सांगतो: टाकीपासून लांब, पाइपापासून लांब, पाणी भरपूर, शेंडा बांधून वर न्या, घाई करू नका. कुणी म्हणालं की "आमच्या गावीही पाठवतो दोन-चार," तर मी देत नाही. बायको म्हणते, धंदा कराल की भांडणं? मागं कॅनॉलच्या कडेला ती एकोणीस आहेत. सतरा खरं तर, दोन रुसली. कॅनॉल फुगला तेव्हा शेजारच्यांचं कुंपण गेलं, माझी कड हलली नाही. कोणी विचारत नाही त्यांना. कोणी अय्या म्हणत नाही. त्यामुळे मी काही चांगला माणूस झालो, असं समजू नको. अर्ध्या मळईच्या बदल्यात सतरा झाडं, हा काय सौदा झाला?

तर आता तुझं पत्र. वीटभट्टीवाल्याला तुकडा द्यायचा की नाही? मला माहीत नाही. यंदा पाणी कुठपर्यंत चढलं, मी पाहिलं नाही. झिरा परत लागला का, त्याचं पाणी गोडं आहे का, मी चाखलं नाही. दर दसऱ्याला तू एकटा मोगरी घेऊन जातोस असं माय सांगते, पण किती काड्या ठोकतोस, किती धरल्या, हे मी कधी विचारलं नाही. मी विचारले ते वांग्यांचे भाव अन् तुझ्या पोरांचे मार्क. इतकी वर्षं त्या काठावर उभा आहेस तू, आणि निर्णय विचारतोस मला? कारण मी पुण्यात राहतो? कारण माझी सही इंग्रजीत आहे?

बाहेर पडलेल्यांना घर म्हणजे काय असं लोक विचारतात, आणि मग कोणी चुलीचा धूर सांगतो, कोणी मायच्या हातची भाकर. माझ्यापुरतं सांगतो. ज्या दारात माझा शब्द खाली पडू शकतो, ते माझं घर. बाहेर माझं चुकलं तर लोक हसतात किंवा गप्प बसतात. घरानं तरी म्हणावं की नाही, तू चुकतो बे, म्हणून? बानं माझा शब्द झेलला आणि मला पाहुणा करून ठेवलं. तू तेच करतोयस. मी गावी आलो की सतरंजी टाकता, पितळी तांब्या काढता, मी बोललो की सगळे मान हलवता. मला नको ती सतरंजी.

मळईचं तू ठरव. वीक, ठेव, काड्या लाव, मिरची लाव. फक्त मला विचारून करू नको, करून मला सांग. आणि पुढच्या पत्रात "तीर्थरूप दादास" नको, शिरसाष्टांग नको. मोठ्या भावाला असं कसं बोलायचं म्हणशील. बोल. बानं लिहायला पाहिजे होती ती एक ओळ तू लिही, "रामा, पुन्यात बसून तुले काय समजते बे?" एवढीच. खाली सही नको, खुशाली नको. ते कार्ड ज्या दिवशी हातात पडेल, त्या दिवशीच्या गाडीनं मी घरी येतो.